हळू हाये, निघ!

माझ्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी बक्षिसाचा एक कप आहे आणि त्यात तमालपत्रं असतात. त्याचा चांदीचा मुलामा केव्हाच उडाला. नातवंडं विचारतात, आजी, हे कशाचं? मी सांगते, बेस चोरण्याचं. मग सॉफ्टबॉल समजावून सांगायला बसते, आणि चार वाक्यांत मुलं पळालेली असतात. तुम्ही पळू नका, थोडक्यात सांगते. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार बेस. एका बेसवर तुम्ही उभ्या असता आणि पुढच्या बेसवर पोचायचं असतं. आपल्या संघातल्या फलंदाज बाईनं चेंडू मारेपर्यंत वाट न बघता, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या हातून चेंडू सुटताक्षणी धावत सुटायचं आणि मागे बसलेल्या कॅचरनं तो झेलून फेकायच्या आत पुढचा बेस गाठायचा, ही झाली चोरी. सगळी कायदेशीर. अट एवढीच, की चेंडू पिचरच्या हातात आहे तोवर पाय बेसला चिकटलेला हवा. आता चेंडू जोरात गेला तर तो कॅचरकडे लवकर पोचतो आणि तुम्ही मेलात. हळू गेला तर अर्धं अंतर तुमच्या पदरात फुकट पडतं. म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच तो हळू येणार की जोरात हे ज्याला कळलं त्याचं राज्य. मला ते कळायचं, असं सगळे म्हणत.

आम्ही लखनौत अलीगंजला राहायचो. बाबा शास्त्रज्ञ होते, आंब्यावरच्या किडींचा अभ्यास करायचे. मोहोर आला की अर्धा मुक्काम मलिहाबादच्या बागांमध्ये. लखनौची हिंदी त्यांनी अशी काही उचलली होती, की दूधवाल्याशी बोलतानाही ‘तशरीफ’ वगैरे काढायचे. आईला ते जमलं नाही. ती अमरावतीजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन आली त्या वर्षी शेजारच्या सक्सेना आंटींना तिनं सांगितलं, ‘आज मेरी दूध फट गयी.’ आंटी स्वभावानं वाईट नव्हत्या, पण हे वाक्य त्यांनी भिंतीवरून आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. त्यानंतर आई हिंदीत अडल्यापुरतंच बोलायची. भाजीवाल्याकडे बोट दाखवायची, दोन बोटं वर करायची, झालं काम. घरात मात्र तिचा कडक नियम होता: हिंदी चपलेबरोबर दाराबाहेर काढायची. बाबांशी मी हिंदीतच बोलायचे, ते चालायचं, पण आईशी हिंदीचा एक शब्द नाही. तो नियम मी कधी मोडला नव्हता. नियम म्हणून नव्हे. आईशी हिंदीत बोलणं म्हणजे तिच्या तोंडासमोर दार लावून घेणं, हे मला लहानपणापासून न सांगता ठाऊक होतं.

ती मैदानावर आली ती बाबांच्या अटीमुळे. कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, खेळ, पण एकटीनं यायचं-जायचं नाही, आई बरोबर येईल. मला लाज वाटली. बाकीच्या मुली सायकली दामटत येत आणि मी रिक्षातून आईसकट उतरत असे. तिच्या मांडीवर परात, पिशवीत मटार. लखनौच्या थंडीत मटार किती येतो ते तिथं राहिल्याशिवाय कळणार नाही. घराघरांतून बायका नुसत्या शेंगा सोलत बसलेल्या असतात. आई तिसऱ्या बेसच्या बाजूला, रेषेबाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली बसायची, कारण ऊन तिथं आधी यायचं. शेंगा सोलायला तिला डोळे लागत नसत. हात आपले चाललेले, कट्‌ की दाणे परातीत, आणि डोळे मैदानावर. पहिला महिनाभर ती काही बोलली नाही. मग एका दुपारी मी पहिल्या बेसवर उभी, आमचीच पिचर चेंडू घेऊन तयारीत, आणि समोरून आईचा मोकळा, खणखणीत आवाज आला: ‘हळू हाये, निघ!’ मी इतकी दचकले, की निघालेच. दुसऱ्या बेसवर आरामात पोचले, चेंडू माझ्या मागून आला.

त्या दिवसापासून तीन वर्षं मी आईच्या आवाजावर धावले. ती म्हणाली की निघायचं, ती गप्प असली की बेसवर पाय रोवून उभं राहायचं. ती चुकायची नाही. अख्ख्या मैदानात तिचं बोलणं कुणाला कळत नसे. सगळ्यांना वाटे, शुभाची अम्मा मुलीला हुरूप देते आहे. आम्हा दोघींना मराठी म्हणजे घराच्या चार भिंतीच वाटत, कुठंही नेल्या तरी आतलं बाहेर ऐकू न जाणाऱ्या. आमचे कोच मिश्रा सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, ‘ये लड़की पिचर का मन पढ़ लेती है, भगवान की देन है.’ मी मान खाली घालून लाजायचे. मन आई वाचते, हे मी सरांना सांगितलं नाही. मैत्रिणींनाही नाही. आणि आईला तरी मी कधी विचारलं, की बाई गं, तुला कळतं कसं? नाही विचारलं. नळ सोडला की पाणी येतं, तसं ते यायचं.

शेवटच्या वर्षी विद्यापीठांची मोठी स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली. बाबांनी आदल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं: ‘सर्वांत जास्त बेस चोरण्याचं बक्षीस आहे ना? ते मिळालं तर शिबिराला जा. नाही मिळालं तर एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा आणि हे प्रकरण बंद.’ शिबिरातून देशाचा संघ निवडणार होते. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आई ताटात भात वाढायची आणि मी बोटानं त्यात चौकोन काढत बसायचे, कोपऱ्यांत चार शितं. अंतिम सामन्यापर्यंत माझ्या नावावर आठ चोऱ्या झाल्या. महाराष्ट्रातून आलेल्या संघातल्या एका मुलीच्याही आठ. आणि अंतिम सामना होता त्याच संघाशी.

आता पुढचं लिहिताना आजही मला कपाळावर हात मारावासा वाटतो. महाराष्ट्रातून आलेल्या मुलींना मराठी येतं, हे समजायला काय शास्त्रज्ञाची मुलगी असावं लागतं? धुकं नुकतं उठलं होतं, गवत ओलं होतं, त्या मुली सराव करताना एकमेकींना मराठीतून ओरडत होत्या आणि ते मी माझ्या कानांनी ऐकत होते. आईही ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळला होता, की सरांनी विचारलं, आज माताजी बड़ी ख़ुश हैं? तरी आम्हा दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या लेखी मराठी ही दुसऱ्याला न कळणारी भाषा होती. ती जगात कुणाची रोजची भाषा असेल, हे पुस्तकात वाचलं होतं, तेवढंच.

तिसऱ्या डावात मी पहिल्या बेसवर पोचले. नववी चोरी समोर होती. पिचरनं चेंडू घेतला, तयारीत उभी राहिली. मी समोर, तिच्या खांद्यापलीकडे, लिंबाखाली बघितलं. आणि आई नेहमीपेक्षाही मोठ्यानं, अगदी आनंदानं ओरडली: ‘हळू हाये शुभे, निघ!’

पिचर थबकली. कॅचरनं तोंडावरच्या जाळीसकट मान वर केली. दोघींची नजरानजर झाली ती मी पाहिली, पण पाय केव्हाच आईच्या ताब्यात गेले होते. चेंडू सुटला तो सणसणीत, फलंदाजापासून हातभर लांब. कॅचर आधीच उठून बाजूला सरकलेली. मी अर्ध्या वाटेत होते तेव्हा चेंडू दुसऱ्या बेसवर पोचलासुद्धा. दुसऱ्या बेसवरची मुलगी मला बाद करायला चक्क वाट बघत उभी होती. अंपायरचा हात वर गेला, आणि कॅचर, वंदना तिचं नाव, लिंबाकडे बघून मजेत ओरडली, ‘काकू, आम्हाला समजते ना जी मराठी!’

त्यांचा सगळा संघ हसला. कुचेष्टेनं नव्हे, मजा वाटली म्हणून. मग आमच्याही मुली हसायला लागल्या, काय झालं ते न कळताच. आईनं तोंडावर हात ठेवला. ती घाबरली होती, आणि मला वाटतं, थोडी हसतही होती, कारण इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला ‘काकू’ अशी हाक मारली होती. ते हसू मला दिसलं आणि माझं टाळकं फिरलं. मी मैदान ओलांडून थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘आप चुप रहिए! आपकी वजह से आउट हुई हूँ मैं. अब एक लफ़्ज़ मत बोलिएगा.’

लखनौची सगळी अदब त्यात होती. ‘आप’ काय, ‘रहिए’ काय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, मान खाली घातली आणि परातीत बघत शेंगा सोलायला लागली. मी परत आले तेव्हा माझे कान तापले होते, पण खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला वाईट वाटलं नव्हतं. मला फक्त बक्षीस दिसत होतं.

पुढचे डाव कसे गेले ते धड आठवत नाही. त्यांच्या त्या आठ चोऱ्यांवाल्या मुलीला आमच्या कॅचरनं एकदा बाद केलं, मग तिला बेसच मिळाला नाही. त्यांची एक धाव झाली, आमची एकही नाही. शेवटच्या डावात आमच्या दोघी बाद झाल्यावर माझी पाळी आली, आणि माझा फटका कसाबसा त्यांच्या दोघींच्या मधून गेला. मी पुन्हा पहिल्या बेसवर. सरांनी लांबून दोन्ही हात पसरले. म्हणजे, तुझं तू ठरव, तुला तर मन वाचता येतं. मी पिचरकडे बघितलं. मला तिचं मन, डोकं, काहीच वाचता येईना. तिच्या हातमोज्याकडची बाजू माझ्याकडे, चेंडू पलीकडच्या हातात, मला दिसेल कसा? तीन वर्षांत मी पिचरकडे नीट बघितलंच नव्हतं. पहिला चेंडू गेला, जोरात. दुसरा, जोरात. धावले असते तर संपलेच होते. वंदना जाळीतून माझ्याकडे बघून हसली आणि तिनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. आईचं तोंड मी बंद केलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

नाइलाजानं, सवयीनं, मी लिंबाकडे बघितलं. आईची मान खाली होती. पदर डोक्यावरून पुढे आलेला, चेहरा दिसत नव्हता. हात चालले होते: शेंग उचल, दाब, बाजूला टाक. शेंग उचल, दाब, बाजूला टाक. पिचर तयारीत उभी राहिली. आणि आईचे हात थांबले.

शेंग बोटांत तशीच राहिली. एवढंच. तिनं मान वर केली नाही, काही नाही. ही मला सांगते आहे, की बोटाला शेंगेचं टोक टोचलं, की रडते आहे? विचार करायला एक श्वास होता. पिचरचा हात मागून गोल फिरला, चेंडू सुटला, आणि मी निघाले. धावताना मागे वळून बघायचं नसतं, मी बघितलंही नाही. फक्त वंदनाचं ‘अगं अगं’ ऐकू आलं. ओल्या मातीवर घसरत गेले, हाताला बेसची गादी लागली, मग खांद्यावर चेंडूसकट हातमोजा आपटला. कोण आधी? तोंडात माती, डोळे मिटलेले. अंपायर ‘सेफ’ म्हणाला तेव्हा मला ते दोनदा ऐकावं लागलं.

पुढच्याच चेंडूवर आमची मुलगी झेल देऊन गेली आणि सामना आम्ही हरलो. बक्षीस माझं झालं. कप हातात देताना पाहुण्यांनी माइक पुढे केला: ‘बेटा, इस हुनर का राज़ क्या है?’ मी म्हणाले, ‘सर की मेहनत.’ सरांनी हात जोडले. टाळ्या वाजल्या. मी आईला शोधत होते. ती सापडली ती लिंबाखालीच, त्या महाराष्ट्रातल्या मुलींच्या गराड्यात. पाच दिवस मेसची छोले-पुरी खाऊन विटलेल्या त्या मुली तिच्या अंगावर पडत होत्या, आणि माझी मुकी आई हातवारे करून बोलत होती, हसत होती, एकीच्या केसातला गवताची काडी काढत होती. मला त्यांचा इतका मत्सर वाटला, की कप जिंकल्याचा आनंद कुठे गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गाडी संध्याकाळची होती म्हणून, अख्खा संघ आमच्याकडे जेवायला. आईनं गोळाभात केला होता. भरड्या डाळीचे गोळे भातात वाफवलेले, वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. आमच्या घरी तो क्वचित व्हायचा, कारण कौतुकानं खाणारं कुणी नव्हतं. मुली जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या आणि खाताना खरोखर गप्प झाल्या. सक्सेना आंटी भिंतीवरून डोकावून गेल्या. बाबा दारात उभे राहून ‘लीजिए ना, और लीजिए’ करत होते आणि मुली ‘द्या ना काका’ म्हणत होत्या. मी वाढत होते. तेव्हा वंदनानं विचारलं, ‘काकू, पण तुम्हाला कळते कसं, हळू येऊन राहिला म्हणून?’

आई फोडणीची पळी घेऊन वंदनाच्या पानाशी वाकली. मग त्यांच्या पिचरकडे बघून म्हणाली, ‘रागावू नको हो माय. तुझं कोपर. जपून टाकायचं असलं की पोटाशी येते. हे बघ.’ आणि तिनं पळी पुढे करून थेंब थेंब तेल वंदनाच्या भातावर सोडलं. ‘मी कुठे मुद्दाम आणलं कोपर? हळूच ओतायचं असलं की आपोआप आत येते. सगळ्यांचं येते. जोरात फेकायचं असलं की बाहेर राहते.’ पिचर लाजेनं लाल झाली, स्वतःचं कोपर बघायला लागली, आणि पंगतीत हसू उसळलं. मी भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. तीन वर्षं. त्या मुलींना एका दिवसात विचारावंसं वाटलं, आणि मला तीन वर्षांत नाही. तरी त्या दिवशी मी आईची माफी मागितली नाही. उद्या मागू, असं ठरवलं. उद्याचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

बाबांनी शब्द पाळला, शिबिराला पाठवलं. तिथं मी पहिल्या चार दिवसांत पाचदा बाद झाले. कोपरं बघत होते, अगदी डोळे फाडून. पण पहिल्या बेसवरून चेंडूच्या हाताचं कोपर दिसतच नाही, ते दिसायला पलीकडच्या बाजूला कुणीतरी बसलेलं असावं लागतं. निवड झाली नाही. परत आले, एम.एस्सी. केलं, बँकेत लागले, लखनौतच संसार झाला. आईनं कपात धने भरून ठेवले, कप तिच्यामागून माझ्याकडे आला. आता त्या बाजूनं मेट्रोनं हज़रतगंजला जाताना ते मैदान वरून दिसतं. लिंब आहे अजून.

आईचा शेवटचा हिवाळा माझ्याकडे गेला. गच्चीत उन्हात बसून आम्ही मटार सोलत होतो. हात थरथरायचे, पण ती सोलायची. तेव्हा कुठे मला धीर झाला. विचारलं, ‘आई, त्या सामन्यात शेवटी तुझे हात थांबले होते. ते मला सांगायला, की सहजच?’

तिला आधी आठवेना. मग आठवलं आणि ती हसली. ‘मटार होते कुठे सोलायला? ते तर तू ओरडून गेली तेव्हाच संपले होते. पदराआडून त्या पोरीकडे बघत नुसती टरफलं उचलून ठेवून राहिली होती मी.’

‘काहून?’

‘तू बघशील म्हणून.’ तिनं पुढची शेंग घेतली. ‘तोंड बंद कर म्हणाली होतीस ना? हातांचं काही म्हणाली नव्हतीस.’

चाळीस वर्षं राहून गेलेली माफी मी तेव्हा मागितली. मराठीत मागितली. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मांडीवरच्या परातीकडे मान हलवली.

‘दाणे सांडून राहिले बघ,’ ती म्हणाली.